उष्टी मिरची

मिरची आधी सरोजदीदींच्या मिठ्ठूने खायची होती आणि त्याची उष्टी प्रसेनने. तेवढ्यासाठी मी लखनौच्या भर थंडीत, अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, मिरचीचं बी पेरायला बसले.

सरोजदीदी आमच्या शेजारीण. आलमबागेतल्या एका घराचे दोन भाग करून मालकाने एक त्यांना आणि एक आम्हाला भाड्याने दिला होता. मागचं अंगण दोघांचं, मधे कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे त्यांच्या वऱ्हांड्यात पोपटाचा पिंजरा टांगलेला. मिठ्ठू ‘कौन है’ विचारायचा, दूधवाल्या भैयाची हाळी हुबेहूब मारायचा, सरोजदीदींच्या नवऱ्यासारखा खोकायचा. माझा मुलगा प्रसेन अडीच वर्षांचा होऊन गेला होता आणि काही म्हणत नव्हता. आई नाही, पाणी नाही, काहीच नाही.

“तोते की जूठी मिर्च चटा दो,” सरोजदीदी म्हणाल्या. “हँसो मत, नीला. मेरे देवर का लड़का चार साल तक गूँगा बैठा था. अब उसकी बीवी हाथ जोड़ती है कि थोड़ा चुप भी रहा करो.”

“मग बाजारातून आणते,” मी म्हणाले. हिंदीतच म्हणाले, अर्थात.

“बाज़ार की नहीं. वो जाने किस-किस के हाथ से होकर आती है. माँ की बोई हुई हो, अपने घर में फली हो. पहले मिट्ठू खाए, फिर बच्चा.”

मी हसले आणि आत आले. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली. आमच्याकडे दृष्ट काढत नाहीत, गंडेदोरे बांधत नाहीत. पण त्याच दुपारी मी डब्यांच्या फळीवरून आईने भिवापूरहून पाठवलेल्या वाळल्या मिरच्यांची पुरचुंडी खाली काढली. नवऱ्याला, विनयना, सांगितलं, ठेच्यासाठी लावते आहे, इथल्या मिरचीला चव नाही. ते म्हणाले, “लाव ना. तेवढाच तुझा जीव रमेल.”

विनय अमौसीच्या विमानतळावर कम्युनिकेशनमध्ये होते. कानाला हेडफोन लावून दिवसभर वैमानिकांचं बोलणं ऐकायचं, हे त्यांचं काम.

आदल्या ऑक्टोबरात प्रसेनला मी एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी त्याची जीभ पाहिली, गालगुच्चा घेतला, आणि विचारलं, घरात कोणती भाषा बोलता. मी म्हटलं, आम्ही मराठी, बाहेर सगळे हिंदी. “बस, यही बात है,” ते म्हणाले. “बच्चा तय नहीं कर पा रहा. एक रखिए. हिंदी रखिए, स्कूल में काम आएगी.”

त्या ऑक्टोबरपासून मी माझ्या मुलाशी मराठी बोलणं बंद केलं. लिहायला हे सोपं आहे. तो पडला की तोंडात ‘लागलं का रे बाबू’ यायचं, ते गिळून मी ‘चोट लगी?’ म्हणायची. माझं हिंदी पुस्तकातलं. त्याला झोपवताना माझी मलाच मी कुणी मास्तरीण वाटायची. विनय आणि मीसुद्धा त्याच्यासमोर शक्यतो हिंदी बोलायचो, आणि मग एकमेकांशी फारसं बोलणंच उरलं नाही.

बी काढायचं तर मिरच्या फोडाव्या लागल्या. हात दिवसभर भगभगत राहिले. प्रसेनला मी कोपरांनी उचलत होते, तळवे लांब धरून. त्याला वाटलं हा खेळ आहे. बिया कोमट पाण्यात भिजवल्या, तरंगल्या त्या फेकल्या, तळाला बसल्या त्या ठेवल्या. अंगणातली माती तव्यावर भाजून घेतली, म्हणजे कीड मरते. त्यात वाळू आणि जुनं शेणखत चाळून घातलं. डालड्याचा डबा अर्धा कापून, तळाला खिळ्याने भोकं पाडून त्यात पेरलं आणि डबा रजईत गुंडाळून ठेवला.

सगळं कुजलं. मातीवर पांढरी बुरशी आली. मिरचीला ऊब लागते. रजई ऊब देत नसते, असलेली धरून ठेवते. आणि त्या घरात ऊब नव्हतीच. समोर तिमजली घर, आमच्याकडे उन्हाची पट्टी फक्त मागच्या अंगणात, दुपारची.

मग मला रेडिओ सुचला. आमचा रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीसारखा. विनयनी कुणाकडून तरी मोडका आणून नीट केलेला. चालू ठेवला की तासाभरात त्याचं वरचं लाकूड मांजराच्या पोटासारखं कोमट व्हायचं. दुसरी पेरणी मी त्यावर ठेवली, डब्याखाली ताट, म्हणजे पाणी आत जायला नको. आणि सकाळपासून रात्री झोपेपर्यंत रेडिओ चालू. गाणी, बातम्या, भाषणं, गव्हाचे भाव, जे येईल ते.

प्रसेन रेडिओला चिकटला. स्टुलावर चढून पेटीला गाल लावायचा, तळहात टेकवायचा, आणि तबला वाजायला लागला की हसायचा. विनय कामावरून आले की दारातूनच बघत उभे राहायचे.

“बघ, कान कसा तयार आहे पोट्ट्याचा. बापाचा धंदा करेल. उगाच घाबरून राहिली तू.”

“गाना अच्छा लगता है बेटे को?” मी प्रसेनला विचारायची. तो डोळे मिटून घ्यायचा.

मी लक्ष ठेवणारी बाई आहे. त्याची शी कशी झाली, झोपेत श्वास कसा चालतो, सगळं बघते. हेही बघत होते, की गाणं कितीही छान असो, तो दुसऱ्या खोलीतून त्यासाठी धावत येत नाही. येतो, हात लावतो, मग हसतो. अमीनाबादच्या गर्दीत, रिक्षांचे भोंगे आणि फेरीवाल्यांची ओरड चालू असताना तो माझ्या खांद्यावर गाढ झोपतो. मी म्हणायचे, गुणी आहे. दिसत होतं, पण मी ते रेडिओपाशी आणून ठेवत होते आणि रेडिओ मला सांगत होता, कान ठीक आहेत.

बी उगवलेलं प्रसेनने आधी पाहिलं. माझा पदर ओढत मला घेऊन गेला आणि बोट दाखवलं. मातीतून हिरवे, वाकलेले आकडे वर आले होते, मान खाली घातलेले. कुणाकुणाच्या डोक्यावर बियांची टोपी अजून तशीच. मला इतका आनंद झाला की तोंडातून ‘रोप’ निघालं. मग सावरून मी म्हटलं, “पौधा. देखो, पौधा. बोलो बेटा, बोलो. पौधा.”

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. तो नेहमी ओठांकडेच बघायचा.

तेव्हापासून दुपारी तो डबा आणि प्रसेन, दोघांना घेऊन मी अंगणात उन्हाच्या पट्टीत बसायची आणि धडा चालायचा. पौधा, पत्ती, मिर्च. बोलो बेटा, बोलो. एकेक शब्द दहादा, वीसदा. सरोजदीदी भिंतीपलीकडे मटार सोलत बसायच्या. मिठ्ठू मान वाकडी करून ऐकायचा.

“तुमसे अच्छा विद्यार्थी तो ये है,” सरोजदीदी त्याच्याकडे बघून प्रसेनला म्हणायच्या आणि मटाराचा दाणा मिठ्ठूच्या चोचीत घालायच्या.

मला घाई होती. मे सरत आला की इथे भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुटते, मिरचीची फुलं गळून जातात. तोवर फळ धरलं नाही तर पावसाळा संपेपर्यंत थांबायचं. तोवर प्रसेन साडेतीन वर्षांचा झाला असता. रोपांना पहिली खरी पानं फुटली तेव्हा ती माझ्या मते फार लहान होती, फार फिकी. सरोजदीदी म्हणाल्या, सरसों की खली भिगो दो, हफ्ते भर सड़ने दो, फिर बहुत-सा पानी मिलाकर डालो. पेंड कुजायला मला आठवडाभर थांबायचं नव्हतं. विनयच्या ऑफिसातल्या मलिहाबादच्या एकाने बागेसाठी घेतलेल्या युरियातला पुडीभर दिला. मला माहीत होतं किती घालायचा. बादलीभर पाण्यात चिमूट, तेही आठवड्यातून एकदा. इतकं लहान मूळ जास्त खत पेलत नाही. आतलं पाणीच बाहेर ओढलं जातं. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. मी चिमूटच घातली, आणि पानं जरा गडद झाल्यासारखी वाटली.

त्याच रविवारी विनय अंगणात दाढी करत होते आणि सरोजदीदींनी भिंतीवरून विचारलं, “भैया, मिर्च कब तक आएगी? हमारा मिट्ठू तो आस लगाए बैठा है.”

“मिट्ठू का क्या है इसमें?” विनयनी विचारलं, आणि सरोजदीदींनी सगळं सांगितलं, दीराच्या मुलासकट.

विनय आधी हसले. तोंडाला साबण तसाच, आत आले.

“ठेच्यासाठी, नाही का?”

“ठेच्यासाठीही.”

“पोपटाचं उष्टं खाऊ घालणार माझ्या पोराला. बी.एस्सी. करून. तुझ्या कॉलेजला कळवू का, म्हणावं डिगरी वापस घ्या?”

“तुम्ही काय करून राहिले त्याच्यासाठी, ते सांगा आधी. होऊन जाईल, होऊन जाईल. रोज तेच.”

“मी उशिराच बोललो होतो. आई सांगते.”

“किती उशिरा?”

त्यांनी टॉवेलने गालावरचा साबण पुसला. मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे न बघता, पण त्याच्या खालीच उभे राहून म्हणाले, “या घरात हे चालणार नाही, नीला. मिरच्या लाव, ठेचा कर. त्या पिंजऱ्यात एकही गेली नाही पाहिजे.”

प्रसेन आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर बसून साबणाच्या फेसाचा पडलेला गोळा बोटाने पसरवत होता. एवढं भांडण डोक्यावर चाललेलं, आणि त्याने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी तांब्याभर पाण्यात चमचाभर युरिया विरघळवला आणि डब्यात ओतला. मनाशी म्हटलं, लवकर वाढा, लवकर. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा तांबूस झाल्या. सकाळी त्या कागदासारख्या झाल्या होत्या आणि माना पडल्या होत्या. मी पाण्यावर पाणी ओतलं, खत धुऊन जावं म्हणून. त्याने उरलेलीही सडली. वाचली ती दोनच, कडेची, जिथे माझं पाणी नीट पोचलं नव्हतं.

ती दोन मी कुंडीत लावून अंगणात ठेवली आणि पुन्हा पेरलं. पुन्हा डबा रेडिओवर. मार्च लागला होता, पण आतल्या खोलीत गारवा होता.

त्या दिवशी सकाळीच लाइट गेली. मी रेडिओ चालूच आहे हे विसरून स्वयंपाकघरात कणीक मळत होते. प्रसेन स्टुलावर चढून डब्यात बघत होता. त्याला वाटायचं, बघितलं की उगवतं. त्या रिकाम्या वेळात त्याने बटणाशी खेळ केला असणार. लाइट आली. त्या रेडिओला तापायला जरा वेळ लागायचा. मग एकदम, पूर्ण आवाजात, एक माणूस गव्हाचे भाव सांगायला लागला. खोली हादरली. माझ्या हातून पाण्याचं भांडं परातीत पडलं. भिंतीपलीकडे मिठ्ठू पिंजऱ्यात पंख आपटून किंचाळायला लागला, आणि सरोजदीदी ओरडल्या, “अरे नीला, कान फाड़ोगी क्या?”

मी दारात आले. प्रसेन रेडिओच्या कर्ण्यासमोर, हातभर अंतरावर उभा होता. हात पाठीमागे बांधलेले, डब्याला हात लावायचा नाही असं मी शिकवलं होतं म्हणून. नाक मातीवर. तो शांतपणे मातीत उगवायची वाट बघत होता. त्याची पापणी हलली नव्हती.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, “बेटा.” मग म्हटलं, “प्रसेन. बाबू. इकडे बघ रे राजा.” पाच महिन्यांत त्याच्याशी बोललेलं ते पहिलं मराठी. मी रेडिओ बंद केला. जरा वेळाने सवयीने त्याने पेटीवर तळहात टेकवला. पेटी थरथरत नव्हती. तेव्हा कुठे त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, तक्रारीने.

तेव्हा मला कळलं, तो रेडिओत काय ऐकत होता ते.

विनय आले तेव्हा मी काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, त्याच्या मागे उभे राहा आणि हाक मारा. त्यांनी मारली. मोठ्याने मारली. थाळी वाजवली, पक्कड जमिनीवर टाकली, जमीन हादरली तेव्हा तो वळला आणि विनय म्हणाले, “बघ, बघ.” मग रजई पसरून पक्कड तिच्यावर टाकली. तो वळला नाही. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून जुना हेडफोन घेऊन आले, रेडिओला जोडला, मुलाच्या कानांवर बसवला आणि हळूहळू आवाज वाढवत गेले. हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावून पाहायचे आणि दचकून काढायचे, पुन्हा त्याच्या कानाला लावायचे. प्रसेनला गाद्यांचा मऊपणा आवडला. तो बापाकडे बघून हसत होता. विनयनी वायर गुंडाळली, नीट, कामावर गुंडाळतात तशी, आणि ती हातात धरून बसून राहिले.

मेडिकल कॉलेजात त्याच्या कानांत बऱ्याच गोष्टी घालून पाहिल्या. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, बाळ असताना आजारी होता का. होता. नागपूरला बाळंतपणाला गेले होते, तेव्हा छातीत कफ झाला होता, सुया दिल्या होत्या. कोणत्या? ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, काही इंजेक्शनांनी असं होतं. जन्मापासूनही असू शकतं. आता कळायला मार्ग नाही. कळून उपयोगही नाही, नस गेली आहे. मशीन लावून पाहा, फार आशा ठेवू नका.

“इतने दिन क्या सोचा आप लोगों ने?” त्यांनी विचारलं. रागाने नाही.

“हमने सोचा, दो भाषाओं की वजह से है,” विनय म्हणाले.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि वर पाहिलं नाही.

घरी येताना रिक्षात मी प्रसेनशी मराठीत बोलले. तो हत्ती बघ, ती लाल बस बघ. हिंदी सोडायला आता कुणाची परवानगी नको होती. कुठल्याही भाषेत चाललं असतं.

रेडिओ त्यानंतर कुणी लावला नाही. तिसऱ्या पेरणीला पाणी घालायचं मी सोडून दिलं. पण अंगणातली दोन रोपं, माझ्या हातून वाचलेली, आपोआप वाढली. सरोजदीदी भिंतीवरून त्यांना खलीचं पाणी घालत होत्या, मला न विचारता. एप्रिलच्या शेवटी एकाला पांढरी फुलं आली आणि मेच्या कडाक्याच्या उन्हात पानाआड एक मिरची धरली. मी ती बघितली होती. तोडली नाही.

ती सरोजदीदींनी तोडली. एका रविवारी त्या दारात आल्या. त्यांच्या तळहातावर अर्धी मिरची होती, टोकाकडून चोचीने कुरतडलेली, आतल्या पिवळसर बिया उघड्या पडलेल्या. त्यांना सगळं माहीत होतं. मेडिकल कॉलेजात त्या माझ्यासोबत बाकावर बसल्या होत्या.

“मुझे मालूम है,” त्या म्हणाल्या. “फिर भी. तुमने इतने मन से लगाई थी.”

मी विनयकडे पाहिलं. ते खाटेवर बसले होते, प्रसेन त्यांच्या मांडीवर. मला वाटलं आता ओरडतील. मला ते ओरडायला हवे होते. फोटो तिथेच होता, भिंत तीच होती. त्यांनी मिरचीकडे पाहिलं, बराच वेळ.

“लावून पाहा,” ते म्हणाले. “थोडीशीच. काय जाते.”

मी म्हटलं, “अहो, नस गेली आहे.”

“माहीत आहे मला. लाव.”

त्यांच्या आवाजाने मी घाबरले. इतके दिवस मी एकटीच बुडते आहे आणि हे काठावर उभे आहेत, असं मला वाटत होतं. त्यांच्यावर रागावता येत होतं, तोवर कुठेतरी काठ होता.

मी मिरची घेतली. प्रसेनने माझ्या ओठांकडे पाहत तोंड उघडलं, मी काही शिकवणार असं समजून. मी कुरतडलेल्या कडेने त्याच्या जिभेला स्पर्श केला, पुसटसाच. क्षणभर काही झालं नाही. मग त्याचा चेहरा लाल झाला आणि तो रडला. आवाज मोठा, खणखणीत, कुठल्याही मुलाचा असतो तसाच. विनयनी त्याच्या तोंडात साखर घातली, सरोजदीदी पाणी आणायला धावल्या. तो रडत राहिला आणि स्वतःचा तो आवाज त्याला माहीत नव्हता.

तेवढ्यात अंगणातून कुणीतरी बोललं.

“बोलो बेटा, बोलो.”

बाईचा आवाज होता. माझा. तेच पुस्तकी हिंदी, तीच मास्तरणीची ओढ, शब्द सुटा सुटा केलेला. “पौधा. पत्ती. बोलो बेटा, बोलो.” जरा थांबून विनयसारखं काहीतरी, मग पुन्हा मी. अख्खा हिवाळा मी भिंतीपाशी बसून जे काही म्हटलं होतं ते मिठ्ठूने घेऊन ठेवलं होतं. मुलाचं रडणं ऐकून त्याला ते आठवलं असणार.

सरोजदीदी पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबल्या. “चुप,” त्या त्याला म्हणाल्या, “चुप रे मरे.” तो गप्प बसला नाही.

विनय उठले, प्रसेनला कडेवर घेऊन अंगणाकडच्या खिडकीपाशी गेले आणि खिडकी लावली. मग दारही लावलं. आत उकडायला लागलं. आवाज कमी झाला, पूर्ण गेला नाही. प्रसेन बापाच्या खांद्यावर हुंदके देत हळूहळू झोपी गेला, आणि आम्ही दोघं बंद खोलीत बसून ऐकत राहिलो.